टिचकीचा आक्षेप

हॅलोबाईंनी फोन उचलायचं सोडलं, तेव्हाच खरं तर शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळायला हवं होतं की काहीतरी बिनसलंय. कारण या बाईचा उभा जन्म फोन उचलण्यात गेला होता. शहरातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या टेलिफोन बोर्डावर त्या चिकटल्या तेव्हा त्यांची वेणी कमरेपर्यंत होती, आणि निवृत्त झाल्या तेव्हा उरलेले केस एका चापात मावत होते. मधल्या सगळ्या वर्षांत कुणाला मुलगा झाला, कुणाचा अपघात झाला, कुणाचं ऑपरेशन पुढे ढकललं, त्या प्रत्येकाच्या कानावर पडलेला पहिला आवाज त्यांचा. "हॅलो, कुठे जोडून देऊ?" भाजीच्या दुकानात त्या काही बोलल्या तरी एखादा अनोळखी माणूस वळून बघायचा आणि म्हणायचा, "तुमचा आवाज कुठेतरी ऐकलाय हो." त्यावरून नाव पडलं ते पडलंच. खरं नाव फक्त पेन्शनच्या कागदावर उरलं.

आता मात्र फोन वाजला की त्यांना तो नकोसा व्हायचा. त्या फोन उशीखाली घालायच्या, वर आणखी एक उशी ठेवायच्या आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायच्या. पाण्याच्या आवाजातही त्यांना घंटी ऐकू यायची. तयार कान होता तो, त्याला फसवणार कसं?

झालं होतं ते असं. नवऱ्याचा फोटो स्टुडिओ होता. माणूस व्यसनी नव्हता, उधळ्या नव्हता. उलट इतका सावध, की गिऱ्हाईक हसल्याशिवाय बटण दाबायचा नाही. पण लोकांच्या खिशात कॅमेरे आले आणि स्टुडिओत चिटपाखरू फिरकेना. तेव्हा कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं, की छपाईचं नवं यंत्र घे, मोठमोठे फोटो छाप, धंदा पुन्हा उभा राहील. यंत्र कर्जावर आलं. जामीन म्हणून हॅलोबाईंनी सही केली. नवऱ्याने बोट ठेवलं तिथे, चष्मा न लावता. यंत्र आलं, गिऱ्हाईक आलं नाही. त्या काळजीने की आणखी कशाने, त्याचं अर्धं अंग गेलं. तो दीड वर्ष अंथरुणाला खिळून होता. मग गेला. यंत्र भंगाराच्या भावात विकलं गेलं, स्टुडिओच्या गाळ्याला दुसऱ्या कुणाचं तरी कुलूप लागलं, आणि कर्ज तेवढं हॅलोबाईंच्या घरात मुक्कामाला राहिलं.

पेन्शन बेताची. घरभाडं, वीज, रक्तदाबाच्या गोळ्या गेल्या की हातात उरायचं ते मोजायलाही नको वाटायचं. नवऱ्याच्या औषधांसाठी एक कार्ड घेतलं होतं. यंत्राचा हप्ता भरायला त्या कार्डातून पैसे काढले, कार्डाचं भरायला दुसरं कार्ड घेतलं. बँकेतला मुलगा दुसरं कार्ड देताना किती गोड हसला होता! "तुमच्यासारख्या पेन्शनरांना आम्ही आनंदाने देतो, मॅडम." त्या आनंदाचं व्याज आता व्याजाला जन्म देत होतं.

शेवटी एक दिवस घरी माणसं पाठवू अशी धमकी आली, तेव्हा त्यांनी टिचकीपुढे हात पसरला.

टिचकी म्हणजे बोर्डावरची शेजारीण. हॅलोबाईंच्या डाव्या हाताच्या खुर्चीवर तिने नोकरी काढली. उंचीने इतकीशी, की खुर्चीवर उशी ठेवून बसायची, आणि बोलणं असं, की समोरच्याच्या कानावर टिचकी बसावी. लग्न केलं नाही. का नाही, असं विचारलं की म्हणायची, "दिवसभर लोकांना जोडून देते, तेवढं पुरे झालं." एका खोलीत एकटी राहायची आणि निवृत्तीच्या पैशांतून दात बसवायचं तिच्या मनात होतं. पुढचे चार कधीच पडले होते, मागचे हलत होते. ती भाकरीचा तुकडा चहात बुडवून खायची आणि चारचौघांत हसताना तोंडावर हात धरायची. त्या दातांचे पैसे तिने पिशवीतून काढून हॅलोबाईंच्या मांडीवर टाकले होते.

"घे. आणि असं तोंड पाडून बसू नकोस, चहा कर."

"टिचके, मी वर्षाच्या आत—"

"वर्ष कशाला सांगतेस? मी काय कॅलेंडर आहे? जमेल तेव्हा दे."

ते पैसे बँकेच्या घशात गेले. दोन महिने शांतता लाभली, आणि पुन्हा घंटी सुरू झाली.

एकदा सकाळी सकाळी फोन वाजला आणि हॅलोबाईंचा हात सवयीने पुढे गेला. उचलल्यावर लक्षात आलं, पण आता ठेवायचा कसा? पलीकडून एक जाड आवाज गुरगुरला. त्याने त्यांचं पूर्ण नाव घेतलं, पेन्शनच्या कागदावरचं. आणि मग काय झालं कोण जाणे, हॅलोबाईंच्या गळ्यातून त्यांचा जुना, मऊ, सरकारी आवाज आला.

"त्या सध्या जागेवर नाहीत. काही निरोप आहे का?"

"कुठे गेल्यात?"

"राउंडवर आहेत. निरोप लिहून घेऊ का?"

पलीकडचा माणूस गोंधळला. मग त्याने चांगला लांबलचक निरोप दिला. पैसे भरा, नाहीतर परिणाम वाईट होतील, दारात तमाशा होईल. हॅलोबाई मधूनमधून "हं... हो... पुढे?" म्हणत होत्या. शेवटी "निरोप पोचवते, धन्यवाद" म्हणून त्यांनी फोन ठेवला. आधी त्यांना खुदकन हसू आलं. कित्येक दिवसांत त्या अशा हसल्या नव्हत्या. मग हसता हसता डोळे कधी भरले ते कळलंच नाही, आणि त्या तिथेच जमिनीवर बसून राहिल्या.

निरोप घेणारी बाई भेटते पण मालकीण भेटत नाही, हे त्या माणसाला पटलं नसावं. त्याने दुसऱ्या दिवशी मुलीच्या कामावर फोन केला.

लेक कपड्यांच्या दुकानात हिशेबाला होती. जावई सामानाची गाडी चालवायचा. दोन पोरं, डोक्यावर घराचा हप्ता. ती रविवारी बस बदलत बदलत आली आणि चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, "आई, मला हे परक्या माणसाकडून कळावं? दुकानात सगळ्यांसमोर?"

लेकीने उशा बाजूला केल्या, तिला फोन सापडला. तिने तो हातात धरून आईकडे पाहिलं आणि तिचा राग जागच्या जागी विरघळला. ती येऊन बिलगली.

"किती आहे एकूण?"

"सोड ना."

"आई. किती?"

त्यांनी सांगितलं. लेकीने बोटांवर हिशेब केला. मग म्हणाली, "मी कर्ज काढते. ह्यांच्याशी बोलते. आमच्या हप्त्यात थोडं वाढवून—"

"नाही," हॅलोबाई म्हणाल्या. इतका ठाम आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. "मी तुझ्या बाबांच्या कागदावर सही केली, तिथेच हे सुरू झालं. आता तू माझ्या कागदावर करणार, उद्या तुझी पोरं तुझ्या कागदावर करतील. तुझी सही माझ्या घरात नको."

"मग करायचं काय?"

"मला तरी कुठे माहीत आहे?"

माहिती लेकीनेच काढली. सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक मोफत कायदा सल्ला केंद्र होतं. तिथे आठवड्यातून काही दिवस एक वकीलबाई बसायच्या. वयाने लेकीपेक्षाही लहान. त्या दिवशी त्यांना सणसणीत सर्दी झाली होती, टेबलावर गरम पाण्याचा थर्मास होता आणि त्या दर दोन वाक्यांनंतर नाक पुसत होत्या. हॅलोबाईंना ते बरं वाटलं. झकपक वकिलापुढे त्यांचं तोंड उघडलं नसतं.

वकीलबाईंनी सगळे कागद पसरून पाहिले. मग म्हणाल्या, "काकू, तुम्ही या पेन्शनमध्ये हे कर्ज फेडायला बसलात तर तुमचं वय दीडशे व्हावं लागेल."

"मग?"

"मग नादारीचा अर्ज करायचा. कोर्टाला सांगायचं, की माझ्याकडून हे फिटणं शक्य नाही. कोर्ट तुमचं सगळं तपासतं. विकण्यासारखं असेल ते विकतं, ज्यांचं देणं आहे त्यांच्यात वाटतं, आणि उरलेल्यातून तुम्हाला मोकळं करतं."

"म्हणजे दिवाळखोर." हॅलोबाईंच्या तोंडून तो शब्द बाहेर पडला आणि त्यांनी दार बंद आहे ना ते पाहिलं.

"म्हणजे नादार. चोर नाही, लबाड नाही. जवळ नाही, एवढंच."

"अहो, पण आमच्यात असं कुणी कधी—"

"काकू, तुमच्यात कुणी यंत्राला जामीन राहिलं होतं का कधी?" वकीलबाई शिंकल्या. "पेन्शनला कुणी हात लावू शकत नाही. घर भाड्याचं आहे, तिथे राहाल. भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण तुमचंच. एखादी किमती वस्तू असेल तर ती जाईल."

अंगावरचं किडूकमिडूक सोडलं, तर किमती म्हणावी अशी एकच वस्तू होती, नवऱ्याचा जुना मोठा कॅमेरा, तीन पायांच्या घोडीसकट. लेकीने आईकडे पाहिलं. हॅलोबाईंनी मान हलवली. गेला तर गेला. फोटो काढणारा गेला होता, कॅमेऱ्याला धरून काय बसायचं?

"आता देणं कुणाकुणाचं आहे ते सगळं सांगा. एकही नाव सुटायला नको."

बँक सांगून झाली, दोन्ही कार्डं सांगून झाली. मग हॅलोबाई हळूच म्हणाल्या, "एक मैत्रीण आहे. पण तिचं नाव घालायचं नाही. तिचे पैसे मी आधी देऊन टाकते. कानातलं विकते आणि—"

"तसं करता येत नाही."

"का? तिचेच तर खरे आहेत!"

वकीलबाईंनी रुमाल बाजूला ठेवला. "कायद्याला सगळे सारखे, काकू. अर्जाच्या तोंडावर तुम्ही मैत्रिणीला दिले आणि बँकेला ठेंगा दाखवला, तर कोर्ट म्हणेल तुम्ही पक्षपात केला. तिच्याकडून ते पैसे परतसुद्धा मागतील. आणि नाव लपवलंत तर अख्खा अर्ज बाद व्हायचा. तिचं नाव यादीत जाणार, तिला कोर्टाची नोटीस जाणार. नोटीस जायच्या आधी तुम्ही स्वतः तिला भेटा, एवढंच मी सांगेन."

जिना उतरताना हॅलोबाईंनी कठडा घट्ट धरला होता. बँकेला नाही म्हणायला त्यांना लाज वाटली होती, पण ती लाज सोसण्यासारखी होती. टिचकीचं तोंड डोळ्यांसमोर आलं आणि त्या मधल्याच पायरीवर टेकल्या.

त्या लगेच गेल्या नाहीत. आज ऊन फार आहे, आज टिचकीची झोपायची वेळ असेल, आज गुडघा धरलाय, अशी एकेक सबब काढत आठवडा गेला. शेवटी एका दुपारी त्या निघाल्याच.

टिचकी दारात बसून तांदूळ निवडत होती. "ये," तिने ताट सरकवलं. "किती दिवसांनी? फोन तर उचलतच नाहीस. मला वाटलं गेलीस की काय."

हॅलोबाई समोर बसल्या. घरून निघताना वाक्यं नीट जुळवली होती, पण आता ती जागेवर नव्हती. त्यांनी जसं आलं तसं सांगून टाकलं. गुरगुरणारे फोन, अर्ज, कोर्ट, यादी, नोटीस. टिचकीची बोटं तांदळात तशीच थांबली.

"म्हणजे माझे पैसे गेले?"

"वाटणीत थोडेफार येतील, असं वकीलबाई म्हणाल्या."

"थोडेफार म्हणजे किती? एक दात?"

"टिचके..."

"बँकेला बुडव की! त्यांच्याकडे ढिगाने आहेत. मला कशाला बुडवतेस?"

"मी निवडू शकत नाही गं. कायदाच तसा आहे. तुला आधी दिले तर तुझ्याकडूनच काढून घेतील."

"कायदा!" टिचकी ताट खाली ठेवून उठली. उठूनही ती बसलेल्या हॅलोबाईंच्या डोक्याएवढीच आली, पण त्या क्षणी ती खोलीभर झाली होती. "मी तुला कायद्याने दिले होते का? कागद केला होता? व्याज मागितलं? तुला दिले कारण तू तू आहेस. आणि आज तू मला बँकेच्या रांगेत नेऊन उभी करतेस. त्या गुरगुरणाऱ्या मेल्याच्या शेजारी!"

"मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय—"

"मग मर!" टिचकी म्हणाली, आणि स्वतःच दचकली. पण शब्द मागे घेणाऱ्यांतली ती नव्हतीच. "जा. तुझी ती नोटीस येऊ दे. सही करून घेईन. पण माझ्या दारात येऊ नकोस."

हॅलोबाई गेल्या. जिन्यात त्यांना वाटलं, टिचकी हाक मारील. बोर्डावर असताना किती भांडणं झाली होती, पण पाळी संपेपर्यंत कधी टिकली नव्हती. यावेळी हाक आली नाही.

पुढचे दिवस त्यांना फार जड गेले. कोर्टाने नेमलेला एक अधिकारी येऊन घर बघून गेला. सभ्य माणूस होता. बूट बाहेर काढून आला, कपाटं उघडताना "उघडू का?" असं विचारायचा. त्याने कॅमेऱ्याची नोंद केली, कानातल्याची केली. लग्नातल्या अंगठीकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं. जाताना म्हणाला, "बाई, आता वसुलीवाल्यांचा फोन आला तर अर्जाचा नंबर सांगा. पुढे बोलू नका." हॅलोबाईंनी तसं केलं. जाड आवाजाचा माणूस नंबर ऐकून एकदम "बरं, मॅडम" म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. इतकं सोपं होतं? मग आपण दोन वर्षं उशांखाली का घातली? हलकं वाटायला हवं होतं, पण टिचकी मनातून हलत नव्हती.

कोर्टाच्या तारखेला लेक सुट्टी काढून आली. वकीलबाईंची सर्दी बरी झाली होती, आवाज चांगलाच खणखणीत निघाला. खोली छोटीशी होती, शाळेच्या वर्गासारखी. न्यायाधीश जाड भिंगांचा चष्मा घातलेले वयस्कर गृहस्थ होते. बँकेतर्फे एक तरुण वकील आला होता, त्याच्या बुटांची चकचक आधी आत आली आणि मग तो. आणि शेवटच्या बाकावर कोपऱ्यात, पिशवी पोटाशी धरून, पाय जमिनीला टेकत नाहीत अशी टिचकी बसली होती.

हॅलोबाईंनी तिच्याकडे पाहिलं. टिचकीने छताकडे पाहिलं.

काम सुरू झालं. वकीलबाईंनी सगळं मांडलं. मग बँकेचा वकील उठला. तो म्हणाला, अर्जदार बाईंनी दोन-दोन कार्डं वापरली, वर्षानुवर्षं वापरली. मिळकत ठाऊक असताना इतका खर्च कसा केला? चैन करायची आणि वय झाल्यावर कोर्टाच्या पदराआड लपायचं, असं तर नाही ना? बँकेला या वागण्यात प्रामाणिकपणा दिसत नाही.

हॅलोबाईंना सांगायचं होतं. औषधं, हप्ता, नवऱ्याला उचलायला ठेवलेला माणूस. पण ज्या गळ्याने हजारो लोकांना धीर दिला, त्या गळ्यातून शब्द फुटेना. वकीलबाई उत्तर द्यायला उठतच होत्या, तेवढ्यात मागून आवाज आला.

"चैन? मी सांगते हिची चैन!"

सगळे वळले. टिचकी उभी राहिली होती, म्हणजे राहिली असावी, कारण फारसा फरक दिसत नव्हता. न्यायाधीशांनी चष्मा सरकवला. "आपण कोण?"

"मी यादीतली शेवटची. मीपण बुडालेली."

खोलीत कुणीतरी खोकलं. न्यायाधीशांनी यादी पाहिली. "हं. आपल्याला काही सांगायचंय?"

"साहेब, ह्या मुलाने चैन म्हटली म्हणून उठले. नाहीतर मी नुसती बघायला आले होते. हिचा नवरा दीड वर्ष अंथरुणात होता. ही त्याचं सगळं हाताने करायची आणि कामावर यायची. एकच साडी धुऊन धुऊन इतकी विरली होती, की आम्ही बोर्डावर हिला पुढच्या खुर्चीवर बसू द्यायचो नाही, आमचे साहेब राउंडला आले तर दिसेल म्हणून. कार्डावर औषधं आणली हिने. तेव्हाच्या पावत्या मीच लावून द्यायचे, कारण हिला बेरीज येत नाही."

"येते," हॅलोबाई पुटपुटल्या.

"नाही येत," टिचकी तिकडे न बघता म्हणाली.

न्यायाधीशांच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. "म्हणजे आपला या अर्जाला आक्षेप नाही?"

"आक्षेप आहे," टिचकी म्हणाली. "अर्जाला नाही, हिला आहे. मी हिच्यावर रागावलेय आणि रागावलेली राहणार आहे. पण तो माझा आणि हिचा मामला आहे, त्याला कोर्ट कशाला? खोटारडी मात्र ती नाही, हे लिहून घ्या."

"लिहून घेतो," न्यायाधीश म्हणाले. बँकेचा वकील खाली बसला आणि बुटांकडे बघू लागला.

अर्ज मंजूर झाला. अटी होत्या. ठरावीक काळ कुणाकडून उसने घ्यायचे नाहीत, कार्ड घ्यायचं नाही, कुठे कमाई झाली तर कळवायचं. तो काळ नीट पार पडला, की मोकळ्या. लेकीने आईचा हात दाबला. हॅलोबाई मात्र घाईने दाराकडे निघाल्या होत्या.

टिचकी पायऱ्यांपर्यंत पोचली होती.

"थांब गं!"

टिचकी थांबली, पण वळली नाही. "काय?"

"तू बोललीस..."

"त्या पोराच्या तोंडाला लगाम नव्हता म्हणून बोलले. तुझ्यासाठी नाही." आणि ती एकेक पायरी कठड्याला धरून उतरत, गर्दीत दिसेनाशी झाली. हॅलोबाई तिथेच उभ्या राहिल्या. लेक म्हणाली, "जा ना तिच्यामागे." त्या म्हणाल्या, "नको. ती खरंच रागावलीये. रागावू दे."

कॅमेरा विकला गेला. एका नाटकवाल्याने घेतला म्हणे, रंगमंचावर ठेवायला. कानातलं गेलं. वाटणीत टिचकीला जे मिळालं त्यात खरोखरच एखादा दात आला असता. हॅलोबाईंनी आपल्या घराला नव्या परिस्थितीची सवय लावली. हातात असेल तेवढंच, नसेल ते नाही. पहिल्यांदाच त्यांना महिन्याच्या शेवटी झोप लागू लागली. पण दुपारी दोनच्या सुमाराला, जेव्हा बोर्डावर दोघींचा चहा व्हायचा, तेव्हा घर फार मोठं वाटायचं.

अटींचा काळ संपला. वकीलबाईंनी मोकळं झाल्याचा कागद हातात दिला आणि म्हणाल्या, "आता यादीतलं कुणीही तुमच्याकडे एक पैसा मागू शकत नाही."

"मागू शकत नाही. पण मी दिले तर?"

वकीलबाई हसल्या. "आता तुमच्या पैशांच्या तुम्ही मालक. कुणाला काही द्यावंसं वाटलं तर कायदा मध्ये येणार नाही. तुम्ही फोनच्या कामावर होतात ना? खालच्या वाचनालयात सकाळी फोन घ्यायला कुणीतरी हवंय. थोडंच देतात."

थोडंच होतं, पण पेन्शनच्या वरचं होतं. पहिला पगार झाला त्या दुपारी हॅलोबाई टिचकीच्या दारात उभ्या राहिल्या. टिचकीने दार अर्धंच उघडलं. फटीतून एक डोळा दिसत होता.

"काय आहे?"

हॅलोबाईंनी पाकीट पुढे केलं. "जमेल तेव्हा दे म्हणाली होतीस. आजपासून जमायला लागलंय. थोडं आहे."

"कायद्याने तू मोकळी झालीस ना? मलाही कागद आलाय."

"कायद्याने झाले."

टिचकीने पाकीट घेतलं. उघडून बघितलं नाही. दार लावून घेतलं.

पुढच्या महिन्यात तसंच झालं. त्याच्या पुढच्या महिन्यात टिचकी म्हणाली, "दारात उभी राहतेस ते बरं नाही दिसत, वरच्या मजल्यावरची बघत असते," आणि बाजूला झाली. हॅलोबाई आत गेल्या. खोली तशीच होती, फक्त खाटेची जागा बदलली होती. टिचकीने पाकीट डब्यात टाकलं आणि पाठमोरीच म्हणाली, "मी तुला मर म्हटलं होतं."

"हो."

"ते तेवढं परत घेते. बाकीचं नाही."

"बाकीचं असू दे," हॅलोबाई म्हणाल्या.

असंच चाललंय अजून. सगळे पैसे फिटायला बरीच वर्षं लागतील, आणि दोघींचंही वय बघता ती मिळतील की नाही, यावर त्या भांडतात. टिचकीने अलीकडे खालचे दोन दात बसवून घेतले. वरच्यांना वेळ आहे. दातांच्या डॉक्टरकडे तिला एकटीने जायची भीती वाटते हे तिने कबूल केलेलं नाही. पण तारीख असली, की आदल्या दिवशी "उद्या तुला काम नसेलच ना" असं विचारते. मग दोघी बसने जातात. गेल्या खेपेला खिडकीची जागा कुणी घ्यायची यावरून इतका वाद झाला, की कंडक्टर म्हणाला, आजी, दोघी उतरता का? तेव्हा दोघी एकदमच त्याच्यावर तुटून पडल्या.